लेकुरवाळीचा हात

रुखीनं गोजरबाईचा हात धरला होता. झालं ते एवढंच. खामगावच्या बाजारातून मी मेथीची जुडी आणि पुडीभर मीठ घेऊन गल्लीत वळले, तर समोरच्या वट्ट्यावर गोजरबाई मांडी घालून बसलेली आणि तिच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून, माझी सात वर्षांची पोरगी. पोरीनं मान न वळवता हात मागं नेला, गोजरबाईचं मनगट पकडलं, तो हात उचलून स्वतःच्या टाळूवर ठेवला आणि वरून दाबला. डब्याचं झाकण बसवावं तसा. गोजरबाईनं दुसराही हात ठेवला आणि दोन्ही हातांनी पोरीचं डोकं दाबून धरलं. रुखीनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. ते खांदे खाली येतात हे मला त्या दिवशी कळलं, मी तिची आई असून. मेथीचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि मी गल्लीच्या तोंडाशी तशीच उभी होते.

हसाल तुम्ही. शेजारणीचा हात कुणाचं लेकरू धरत नाही? पण माझ्या रुखीनं जन्मल्यापासून कुणाचा हात धरला नव्हता. पाजायला घेतलं तर तोंड छताकडे. कडेवर घेतलं तर अंग काठीसारखं ताठ. बोट धरायला गेले की विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घ्यायची. माझ्याकडे तिनं कधी पाहिलं असेल तर ते माझ्या नाकातल्या मोरणीकडे, कारण ती उन्हात चमकते. बोलणं नाही. भूक लागली की एक लांब सूर काढायची, नाकातून, आणि तो सूर भाकर पुढ्यात येईपर्यंत थांबायचा नाही. भाकरही साधी चालायची नाही. वरचा पापुद्रा सोलून वेगळा, खालची बाजू वेगळी, आणि भाजीचा रस कुठं लागला असेल तर ताट अंगणात. वेणी घालायची म्हणजे दोघींची लढाई; शेजारपाजारच्या बाया दारात यायच्या, मी पोरीला मारून राह्यली म्हणून. शेगावला पाच गुरुवार केले. सैलानीच्या दर्ग्याला नेलं, तिथं गर्दीत ती इतकी किंचाळली की वेड लागलेली माणसंसुद्धा बाजूला झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्या कानापाशी टाळी वाजवली, ऐकू येतं म्हणाला, मोठी झाली की बोलेल म्हणाला. मी मोठं होण्याची वाट पाहत बसले. सात वर्षं मी एका हाताची वाट पाहिली आणि तो हात गेला गोजरबाईकडे.

आणि गोजरबाई कोण? आमच्या समोरच्या खोलीत एकटी राहणारी, चाळिशीची, हाडापेरानं दणकट बाई. बीबी गावाकडे दिलेली होती. बारा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही कपाळावर कुंकू तसंच ठेवून, एक ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन खामगावला आली. लग्नघरी मुगाच्या वड्या, पापड, कुरड्या करून द्यायची. मूग वाटून वाटून तिचे तळवे पुरुषासारखे झाले होते. मी पुष्कळदा तिच्याकडे पाहून मनात म्हटलं होतं, बिचारी, हिच्या पदराला कुणी ओढणारं नाही. कसं बरं वाटायचं तेव्हा! माझं लेकरू कसंही असो, होतं तर. माणसाला काय कशाचा आधार वाटेल सांगता येत नाही.

सगळं त्या भोंग्यानं केलं. आमची गल्ली जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून. तिकडं विलायतेत लढाई सुरू झाल्यापासून जिन-प्रेस रात्रंदिवस चालायचं आणि पाळीपाळीला भोंगा व्हायचा. आमच्या रुखीच्या बाबांचं नाव हिंमतराव (नाव घेऊ नये, पण सांगितल्याशिवाय कळणार कसं), ते तिथंच कापसाच्या गठाणींच्या कामावर मुकादम. भोंग्यावर आमचं पोट होतं आणि भोंग्यानं माझी पोरगी फाटून जायची. कान धरून जमिनीवर लोळायची, भिंतीवर डोकं आपटायची. मी काय करायची? माझे हात तिच्या कानांवर ठेवायची. हळूच, फुलाला लावावेत तसे. मला वाटायचं, दुखऱ्या जागी हात हलकाच लावायचा असतो. ती माझे हात ओरबाडून काढायची. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे वण अजून आहेत. मार्गशीर्षात एकदा दुपारचा भोंगा झाला तेव्हा मी न्हाणीत होते. ओल्या अंगानं धावत बाहेर आले, तर पोरगी घरात नाही. ती समोर, गोजरबाईच्या उघड्या दारातून आत, पाट्यापाशी. गोजरबाईनं वाटणाचे हात तसेच तिच्या डोक्याला लावलेले, पिवळं पीठ केसांत, आणि ती कणीक मळावी तशा जोरानं दाबत होती. मी ओरडले, "अवं, मरन ना पोरगी! सोडा!" गोजरबाई म्हणाली, "तिनंच धरून ठेवला माहा हात, अंबे. पाह्य तर खरं." मी पाहिलं नाही. पोरीला उचलून घेऊन आले. ती मला चावली.

तेव्हापासून तिचं जाणं सुरू झालं. भोंगा व्हायच्या आधीच हिला कसं कळायचं कोण जाणे, उठायची आणि गल्ली ओलांडायची. गोजरबाईचं दार दिवसभर उघडं असायचं. मग भोंग्याशिवायही जाऊ लागली; मेथी घेऊन येताना मी वट्ट्यावर पाहिलं ते याच दिवसांतलं. तिथं काय करायची? वड्या. माझ्या घरी ही पोरगी वाट्या एका ओळीत मांडायची, शेंगा मांडायची, चपला मांडायची, आणि मी चिडून त्या उचलायची, कारण लोकांच्या घरी लेकरं असं करत नाहीत. गोजरबाईनं तिच्यापुढं वाटलेल्या मुगाची परात ठेवली आणि बाजेवर धोतर अंथरून दिलं. माझ्या रुखीनं चिमटीनं वडी तोडून अशी ओळ घातली, अशी ओळ घातली, की दोरी लावून घातली असती तरी एवढी सरळ झाली नसती. एकीसारखी एक. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. "गोजरबाईच्या पोरीनं टाकल्या," असं कुणीतरी हसत म्हणालं. गंमतीनं म्हणालं. मी ते घरात चुलीपाशी ऐकलं आणि माझ्या हातची भाकर तव्यावर करपली.

हे म्हणायचे, "पोरगी खुश हाय ना? मंग तुले काऊन जळजळ होऊन राह्यली?" पुरुषाला काय सांगणार! यांच्यापायी सवत आली असती तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, चार माणसं माझ्या बाजूनं बोलली असती. पण लेकीपायी आलेल्या सवतीचं करायचं काय? तिच्याविरुद्ध कुठं जायचं, कुणाला सांगायचं की बाई माझ्या पोरीला बरं वाटू देते म्हणून मला ती नको? दुपारी घरात कुणी नसलं की मी माझ्याच डोक्यावर माझे हात दाबून पाहायची. असं? की असं? किती जोर? मी गुपचूप मूग आणले, भिजवले आणि पाट्यावर वाटत बसले. वड्यांसाठी नाही, तळवे कडक व्हावेत म्हणून. दोन महिने वाटले. वाटलेल्या मुगाची भजी खाऊन खाऊन हे कंटाळले. तळव्यांना घट्टे आले तेव्हा एक दिवस भोंग्याच्या वेळेला मी दार लावून घेतलं आणि पोरीचं डोकं धरलं, गोजरबाई धरते तसंच. ती माझ्या हातांखालून निसटली आणि दारावर धडका मारू लागली. मी दार उघडलं. गल्ली ओलांडून जाणारी तिची पाठ मी पाहिली. घट्टे चुरचुरत होते.

एकदा, फक्त एकदा, मी गोजरबाईला विचारलं. विचारलं म्हणजे, टोचलं. म्हटलं, "तुमी काय जादू केली वं बाई, माह्या पोरीवर?" ती तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "जादू कायची? तू घाबरत घाबरत हात लावतं, अंबे. तिले ते समजते. तुह्या हाताले वाटते, ही आता फेकून देईन. अन् मंग ती फेकून देते. ये, बस इथं. माह्या हातावर तुहा हात ठेव, म्या दाबतो तसा दाबून पाह्य. आठ दिवसात तुह्या हाताची सवय होईन तिले." तिनं जागा करून दिली. बाजूला सरकून पोतं अंथरलं. खरं सांगते, मला बसायचं होतं. माझे गुडघे वाकले होते. पण माझ्याच पोरीला हात लावायला मी हिच्याकडून शिकू? जिची कूस कोरडी, तिच्याकडून? मी म्हटलं, "चुलीवर दूध हाय," आणि परतले. घरात त्या दिवशी दूध नव्हतंच.

चैत्रात घरमालक अर्जुनरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. त्यांची उंद्रीला शेती, खामगावात आमच्यासारख्या सहा खोल्या भाड्यानं. आमच्याकडे लग्नघरात वड्यांचा मुहूर्त असतो. पाच लेकुरवाळ्या बसतात, पहिल्या पाच वड्या त्यांच्या हातच्या पडतात, त्यांना हळदकुंकू लागतं, आणि त्यानंतर बाकीच्या कुणीही टाकाव्या. पहिल्या वडीचा हात ज्या बाईचा, तसा नवरीचा संसार, असं म्हणतात. अर्जुनरावांची बायको अन्नपूर्णाबाई स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या दारात आली. "अंबूबाई, पाचवी तुमी या." मी म्हटलं, "मी?" सात वर्षांत मला कुणी ओटी भरायला बोलावलं नव्हतं. बारशाला, डोहाळजेवणाला मी गेले तरी बाया हळूच माझ्या पुढून ताट सरकवायच्या. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "एक लेकरू काय अन् दहा काय. कूस उजवली म्हंजे लेकुरवाळीच." मी रात्रभर लेकुरवाळी हा शब्द तोंडात घोळवला. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. आणि मनात, खोटं कशाला बोलू, मनात हेही आलं की हा एक मान असा आहे की जो गोजरबाईला मिळणार नाही. मूग ती वाटणार, पाचशे वड्या ती टाकणार, पण पहिली माझी.

सकाळी रुखी घरात नव्हती. समोरचं दारही बंद. गोजरबाई तिला घेऊन लग्नघरी गेली असणार, मला न विचारता. मी वेणीफणी केली, लुगडं नेसले, चांगला वेळ लावला. मानाच्या बाईनं उशिरा जावं. अर्जुनरावांच्या अंगणात पाय ठेवला तर बाया गोल करून उभ्या, मधे बाजेवर पांढरं शुभ्र धोतर, आणि त्यावर वड्यांच्या ओळी. तीन पुऱ्या, चौथी अर्धी. बाजेच्या कडेशी गोजरबाई, तिच्या मांडीत माझी रुखी. रुखीची चिमूट परातीत जात होती, धोतरावर जात होती, परातीत, धोतरावर, आणि तोंडानं तो एकच सूर, पण आज हळू, सुखाचा. सगळ्या बाया पाहत होत्या आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. अन्नपूर्णाबाईच्या डोळ्यात पाणी. "पाहा वं अंबूबाई," ती म्हणाली, "कसा गुणी हात हाय लेकराचा!"

माझ्या पोरीचं पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं होतं. भर अंगणात, दहा बायांपुढं. दुसरी कोणती आई असती तर तिथंच बसली असती आणि रडली असती. मला काय दिसलं? मला गोजरबाईची मांडी दिसली. पोरीच्या पोटावर टेकलेला तिचा हात दिसला. पोरगी तिच्या छातीला पाठ टेकून बसली होती, अंग सैल सोडून, जशी माझ्या पोटात असेल तशी. मी विचारलं, अगदी गोड आवाजात विचारलं, "पयल्या पाच कोनाच्या हातच्या?"

बायांच्या लक्षातच आलं नव्हतं. पोरगी बसली, तिनं वडी टाकली, ती इतकी सुंदर पडली की बाया पाहत राहिल्या, आणि मुहूर्त राहून गेला. गोजरबाई खोटं बोलली असती तर चाललं असतं. ती म्हणाली, "रुखीच्या. नव्या जाग्यावर तिले जमन का नाही म्हून म्या हात धरला व्हता." अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाली, "राहू द्या वं, कुमारिका हाय, देवीच हाय." मी गप्प बसायला हवं होतं. तिथं थांबले असते तरी आज हे सांगत बसले नसते. पण माझ्या तोंडून पुढचं निघालं. "कुमारिकेचं नाही म्हनत मी. हात तर गोजरबाईचा व्हता ना? मले वाटलं, पयला हात लेकुरवाळीचा लागते."

ओसरीवर अर्जुनरावांची आई मनकर्णाबाई जपमाळ घेऊन बसली होती. म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणतात, पण हे आलं. "काय? टाकलेल्या बाईचा हात लागला? माह्या नातीच्या पयल्या वडीले?" ती उठून काठीवर आली. "गोया करा थ्या साऱ्या! धोतर बदला, नव्यानं मुहूर्त करा." गोजरबाईनं रुखीला मांडीवरून अलगद उतरवलं. परातीच्या कडेला बोटं पुसली. ती कुणाशी भांडली नाही. बारा वर्षं हेच ऐकून तिचे कान तयार होते. माझ्याजवळून जाताना थांबली आणि हळू म्हणाली, "पोरीले सांभाळजो. वड्या गोया करताना तिले पाहू देऊ नोको." एवढा अपमान झाल्यावर तिला हे सुचलं. मला, आईला, सुचलं नव्हतं. मला गोजरबाईला उठवायचं होतं. ओळी पोरीच्या होत्या हे मी विसरूनच गेले होते.

दोघी बायांनी धोतराची चार टोकं धरली आणि उचललं. तीन ओळी आणि अर्धी, सगळ्या मधे घसरल्या, एकमेकींत मिसळून लगदा झाला. रुखीचा सूर थांबला. मग जे निघालं ते किंचाळणं नव्हतं, त्याला शब्द नाही माझ्याकडे. ती बाजेच्या खुरावर डोकं आपटू लागली. मी तिला धरलं. दोन महिने मूग वाटून कमावलेला सगळा जोर लावून धरलं. तिनं माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला. बाया मागं सरल्या आणि कुणीतरी म्हणालं, "बलवा वं गोजरबाईले!" मी म्हटलं, "नाही. माही पोरगी हाय, मी पाहीन." तिला तशीच उचलून घरी आणली. पाचवी लेकुरवाळी दुसरीच कुणीतरी बसली असेल.

मग तीन दिवस. रुखी बाजेखाली जाऊन बसली, भिंतीला कपाळ टेकवून. भाकर सोलून ठेवली, खाल्ली नाही. पाण्याचा गडू ठेवला तर हातानं लोटला. मी रात्री ओल्या फडक्यानं ओठ ओले करायची, तेवढंच. पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मी धावले. तिनं कानसुद्धा झाकले नाहीत. नुसती थरथरली. तो सूरही नाही. सात वर्षं मी देवाला म्हणत होते की ही गप्प बसू दे, घटकाभर गप्प बसू दे. आता घर गप्प होतं आणि मला ते सोसेना. समोर गोजरबाईचं दार, सदा उघडं असणारं, आतून लावलेलं. कामालाही जात नव्हती. लग्नघरातून वार्ता गावभर झाली होती. आता कोण बोलावणार तिला वड्यांना? तिची भाकर मी एका गोड प्रश्नानं मोडली होती. हे दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "जाय, बलावून आन तिले. पाया पडाचं काम पडलं तर पड." मी म्हटलं, "मी नाही जायची." "पोरगी मरन तरी?" आपलेच दात अन् आपलेच ओठ. मी जायला निघत होतेच, दहादा उठले असेन, पण उंबऱ्यापाशी पाय अडायचा. तिच्यापुढं उभं राहून म्हणायचं काय? माझ्या पोरीला माझ्यापेक्षा तू हवीस, हे मी माझ्या तोंडानं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारात ज्वारी निवडत बसले होते. निवडत कसली, नुसती चाळवत होते. मागं हालचाल झाली. मी वळले नाही; वळलं की ती थांबते. रुखी बाजेखालून निघाली, भिंत धरून चालत आली. कपाळावर मातीचा डाग, ओठ सुकलेले. माझ्या शेजारी उभी राहिली. मी श्वास धरून ठेवला. आणि तिनं माझं मनगट धरलं.

बोटं थंड होती. पण पकड घट्ट, अगदी घट्ट. तिनं मला ओढलं. सुपातली ज्वारी सगळी सांडली. मी उठले आणि अनवाणी तिच्यामागं गेले. गल्लीतली माती तापून भाजत होती, ते तिच्याही पायांना लागत असेल, पण ती थांबली नाही. माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. सात वर्षं, माय वं, सात वर्षं! कुणी त्या वेळी मला विचारलं असतं की कुठं चालली, तर मला सांगता आलं नसतं. पोरगी माझा हात धरून चालली होती, एवढंच मला कळत होतं.

ती गोजरबाईच्या दाराशी थांबली. दाराची लोखंडी कडी उंच होती, तिचा हात पोचत नव्हता. तिनं माझा हात वर उचलला, कडीवर ठेवला आणि खालून दाबला. माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती.

तेव्हा कळलं, माझा हात तिला कशाला हवा होता. मी हसले की रडले, आठवत नाही. पण मी कडी वाजवली नाही. लगेच वाजवली नाही. कारण दार उघडलं की ती माझा हात सोडणार आणि आत जाणार, हे मला दिसत होतं. पाय भाजत होते. माझ्या मनगटावर, तिच्याच जुन्या वणांवर, तिची बोटं होती, आणि हळूहळू ती माझ्या अंगानं गरम होत होती. थोडं थांब, मी मनात तिला म्हटलं, थोडंसं थांब बाई, एवढं दे मला. तिनं पुन्हा दाबलं, आता जास्त जोरानं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या नाकातून तो सूर निघाला, बारीक, भूक लागली की निघतो तसा.

मी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून गोजरबाईचा आवाज आला. बसलेला, तीन दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा.

मी म्हटलं, "अंबू. रुखीनं आनलं मले."

आधी पाटा सरकवल्याचा, मग आगळ काढल्याचा आवाज आला. तोवर तरी रुखीनं माझा हात सोडला नव्हता.